श्वानाचे लोम आणि त्वचा : वैद्याने व औषधी विक्रेत्याने काय पाहावे?

आपल्या त्रैमासिकात श्वानाच्या त्वचेवरील लेख पाहून काही वैद्यमित्रांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. आम्ही पशुवैद्य नाही. माणसांची चिकित्सा करणारे बी.ए.एम.एस. पदवीधर आहोत. तथापि हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. आमच्याच तोंडून गेलेल्या एका वाक्यामुळे तो आमच्या दारी आला. तसले वाक्य आपल्यापैकी अनेक वैद्यांनी आणि औषधी विक्रेत्यांनी केव्हा ना केव्हा उच्चारलेले असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी श्रावणात बडनेऱ्याकडील एक कुटुंब आमच्या अमरावतीच्या चिकित्सालयात आले. आई, वडील आणि शाळकरी मुलगा, तिघांनाही खाज. आईच्या दोन्ही अग्रबाहूंवर व पोटावर, मुलाच्या छातीवर आणि मांड्यांच्या पुढील बाजूस बारीक लाल पिटिका होत्या. कंडू रात्री अधिक. घरात आजीही होत्या. त्यांना मात्र काहीच नव्हते. आम्ही पामा असे निदान केले. आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन आणि महामंजिष्ठादि काढा सुरू केला, बाहेरून लावण्यास मरिच्यादि तेल दिले, चादरी-कपडे उकळून उन्हात घालण्यास सांगितले. आठ-दहा दिवसांत उतार पडे आणि पुन्हा सारे पूर्ववत होई. असे दीड महिना चालले. तिसऱ्या भेटीच्या वेळी बाहेर रुग्णांची रांग होती. उठता उठता वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आमच्या मोत्यालेबी लई खाज सुटली हाये. त्याले हेच तेल लावलं तं चालते का?" आम्ही पुढच्या रुग्णाचा केसपेपर हाती घेत म्हणालो, "लावा, काय हरकत आहे?"

हरकत होती. मरिच्यादि तेलाचा पाठ आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. त्यात हरताळ आहे, मनःशिला आहे, वत्सनाभ, अर्कक्षीर आणि करवीरही आहेत. हे तेल केवळ बाह्य प्रयोगासाठी, हे आपण बाटलीवर वाचतो आणि रुग्णाला सांगतोही. परंतु श्वानाच्या बाबतीत 'बाह्य प्रयोग' असे काही नसतेच. जे त्याच्या अंगावर लावाल ते तासाभरात त्याच्या पोटात जाते, कारण अंगाला चिकटलेले चाटून साफ करणे हा त्याचा स्वभाव आहे. तिसऱ्या दिवशी मोत्या ओकू लागला, तोंडातून सारखी लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले. शहरातील पशुवैद्यांनी त्याचे अंग सौम्य साबणाने धुऊन काढले, शिरेतून द्रव दिले आणि चाटता येऊ नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली. तो वाचला. तेलातील नेमक्या कोणत्या द्रव्याने ही अवस्था आली, हे सांगता येणार नाही. तेल लावण्यास कोणी सांगितले, हे मात्र सांगता येते.

त्वचेच्या पुढील तपासणीसाठी त्याला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत नेण्याचे ठरले. ही संस्था २००० साली स्थापन झालेल्या, नागपूरस्थित महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येते. अमरावतीहून अकोला सुमारे शंभर किलोमीटर. आम्ही सोबत गेलो. अपराधीपणाने म्हणा वा कुतूहलाने म्हणा.

तेथील तरुण पशुवैद्यांनी मोत्याला टेबलावर घेण्याआधी पाचेक मिनिटे नुसते पाहिले. मग त्याच्या कानाची पाळी दुमडून कडा आपल्या बोटांत हलकेच चोळली. तत्क्षणी त्याचा त्याच बाजूचा मागील पाय हवेतच खाजवू लागला. खरजेच्या श्वानात हे चिन्ह बहुधा मिळते. कानांच्या कडा, कोपरे, टाचांचे सांधे आणि छातीखालचा भाग केस झडून जाड, खपलीदार झाला होता. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर काहीच दिसले नाही. आम्हांस क्षणभर वाटले की निदान चुकले. ते म्हणाले, या किड्याच्या बाबतीत खरवड पुष्कळदा रिकामी येते; चिन्हे जुळत असतील तर चिकित्सा करावी आणि उपशयावरून निदान पक्के करावे. उपशय हा शब्द अर्थातच आमचा. त्यांनी सांगितले ते तत्त्व मात्र तेच होते. मग त्यांनी सहज विचारले, "घरात कोणाला खाज आहे का?" तिघेही आमच्याकडे पाहू लागले.

येथे आमची जी चूक झाली ती नीट समजून घेणे आपल्या व्यवसायास उपयोगी आहे. माणसाची खरूज आणि श्वानाची खरूज करणारा किडा एकाच जातीचा, परंतु निरनिराळ्या उपजातींचा आहे. श्वानाचा किडा माणसाच्या त्वचेत शिरतो, कंडू उत्पन्न करतो, पण तेथे त्याची वंशवृद्धी होत नाही. म्हणून माणसातील लक्षणे श्वानाशी संपर्क आल्यावर लवकर, कधी एक-दोन दिवसांतच दिसतात आणि संपर्क तुटल्यास काही आठवड्यांत आपोआप शमतात. माणसाच्या स्वतःच्या खरजेत बोटांच्या बेचक्या, मनगटे, गुह्यभाग येथे पिटिका व सूक्ष्म बिळे आढळतात. श्वानाकडून आलेल्या खरजेत बेचक्या बहुधा मोकळ्या राहतात आणि ज्या भागाने जनावराला कवटाळले जाते तो भाग, म्हणजे अग्रबाहू, पोट, छाती, मांड्यांचा पुढचा भाग, भरून येतो. आईच्या अग्रबाहूंवर आणि मुलाच्या छातीवर हेच लिहिलेले होते. आजी कुत्र्याला शिवत नव्हत्या, त्यांना काही नव्हते. आठ दिवसांत पडणारा उतार आम्ही काढ्याच्या खाती जमा करीत होतो आणि पुनरुद्भवाचे खापर रुग्णाच्या अपथ्यावर फोडीत होतो.

सुश्रुतसंहितेत कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांची चर्चा आहे. गात्रसंस्पर्श, एकत्र शय्या, एकत्र वस्त्र हे सारे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. शिकविताना गात्र म्हणजे माणसाचेच, असे आपण मनोमन गृहीत धरतो. वऱ्हाडातील घरात पावसाळी रात्री कुत्रा कुठे निजतो, हे कोणी विचारीत नाही.

आता लोमांविषयी. केस व लोम हे अस्थिधातूचे मल, ही आपली धारणा आहे. तिच्याकडे शब्दशः न पाहता निदानाची दृष्टी म्हणून पाहिले, तर ती येथे फार उपयोगी पडते : लोम आतल्या पोषणाचा आणि आतल्या विकाराचा बाहेर दिसणारा अवशेष आहे. श्वानाच्या केसाचा सुमारे ९५ टक्के भाग प्रथिनांचा असतो आणि रोजच्या आहारातील प्रथिनांचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक त्वचा व केस यांच्यासाठीच खर्ची पडतो. दूध-पोळी, वरणभात, बिस्किटे यांवर वाढलेल्या श्वानाचे लोम निस्तेज, कोरडे, सहज तुटणारे झाले, तर त्यात नवल काय? आपल्याकडे मोठ्या प्रेमाने कुत्र्याला तुपाची पोळी घालतात. तूप घातले की चकाकी येईल ही समजूत अर्धीच खरी. त्वचेला जे स्निग्धाम्ल आवर्जून लागते ते तुपात अल्प आणि वऱ्हाडच्या करडईच्या तेलात विपुल आहे. पण अंडी-मांसाची जागा कोणतेच तेल घेत नाही. मात्रा किती, हे पशुवैद्याने त्या प्राण्याच्या वजनावरून ठरवावे.

केस गळणे म्हणजे रोग नव्हे, हेही तितकेच खरे. दिवसाच्या प्रकाशाची लांबी बदलली की श्वान केस टाकतो. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर घराघरांत केसांचे पुंजके उडू लागतात. घरात रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात राहणारे श्वान तर वर्षभर थोडे थोडे केस टाकीत असते. व्यालेल्या कुत्रीचे, तसेच मोठा ज्वर येऊन गेलेल्या श्वानाचे केस एक ते तीन महिन्यांनी एकदम झडतात आणि पुन्हा येतात. या साऱ्यांत त्वचा स्वच्छ असते, कंडू नसतो, टक्कल पडत नाही. अशा वेळी मालकाला धीर द्यावा आणि काहीही विकू नये.

अकोल्याचा उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो, तेव्हा दया म्हणून लांब केसांच्या श्वानाचे सारे अंग भादरण्याची टूम हल्ली आली आहे. पॉमेरेनियन किंवा हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या श्वानांत ते केस ऊनही अडवितात. भादरल्याने त्वचा भाजते आणि काहींचे केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत. श्वानाला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तसा घाम त्याच्या तळव्यांनाच येतो आणि उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. त्याला सावली, पाणी आणि विंचरणे लागते. (हस्की वऱ्हाडात का आणावा, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.)

'लूत' हा शब्द आपण केस झडलेल्या कोणत्याही कुत्र्याला लावतो. त्याखाली निदान पाच-सहा भिन्न अवस्था दडलेल्या असतात. आम्हांस सर्वांत उपयोगी वाटलेला प्रश्न एकच : खाज आधी आली की केस आधी गेले? खाज आधी असेल तर परजीवी किंवा असात्म्यता यांचा विचार करावा. कमरेचा मागील भाग आणि शेपटीचे मूळ उघडे पडले असेल, तर पिसवा. कानांच्या कडा व कोपरे असतील, तर खरूज. पंजे सारखे चाटणे, कान वरचेवर फुटणे, तोंड जमिनीवर घासणे, असे दरवर्षी ठरावीक ऋतूत होत असेल, तर असात्म्यता. केस आधी गेले आणि खाज नाही किंवा अल्प, तर मार्ग निराळा. वर्षाच्या आतील पिलाच्या डोळ्यांभोवती, ओठांजवळ, पुढील पंजांवर केस गेले, तर केसांच्या मुळांत राहणारा दुसरा एक किडा संभवतो. तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून पिलाला येतो, माणसाला लागत नाही आणि खोल खरवडीत सहसा सापडतो. मध्यम वयाचा, स्थूल, सुस्त श्वान आणि धडाच्या दोन्ही अंगांना सारखेच टक्कल, शेपटी उंदरासारखी, असे दिसले तर अवटू ग्रंथीची तपासणी हवी. सारखे पाणी पिणे व मुतणे, पोट ओघळणे, त्वचा कागदासारखी पातळ होणे हे आणखी निराळे. ते अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराने होते आणि महिनोन्‌महिने दिलेल्या स्टेरॉइडनेही होते. या दुसऱ्या कारणाकडे औषधी विक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे. कोणत्याही खाजेला थांबविणारी गोळी खरजेलाही काही दिवस थांबविते आणि रोग आत वाढत राहतो.

वर्तुळाकार टक्कल, कडेला कोंडा, विशेषतः पिलांत, असे असेल तर दद्रूचा विचार करावा. ही बुरशी माणसाला लागते. घरातील मुलांच्या मानेवर व हातांवर नायटे शोधावेत.

गोचिडांवर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडचे सर्वांत मोठे अपघात त्यांच्यापायी होतात. श्वानाच्या अंगावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ श्वानावर नसतेच. ती भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, खाटेच्या दोऱ्यांत असते आणि मादी तेथे हजारोंच्या संख्येने अंडी घालते. म्हणून रोज गोचिडा वेचूनही त्या संपत नाहीत, आणि वैतागलेला मालक घरात जे असेल ते ओततो. गॅरेजमधले काळे ऑइल, रॉकेल, फिनेलचे पाणी आणि सर्वांत वाईट म्हणजे कपाशीवर फवारायचे औषध. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते साऱ्या विदर्भाने पाहिले. जे विष अंगावर उडाल्याने धडधाकट माणूस कोसळतो, ते वीस किलोच्या प्राण्याच्या अंगाला चोळले जाते, आणि चोळणारा बहुधा घरातला मुलगाच असतो. औषधी दुकानात "कुत्र्याच्या गोचिडांसाठी काही आहे का" असे विचारणारा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेला तर यांपैकी काय करील, याचा अंदाज विक्रेत्याने बांधावा आणि त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट दाखवावी. श्वानासाठी सुरक्षित, वजनानुसार देण्याच्या गोळ्या गेल्या दशकभरात उपलब्ध झाल्या आहेत. त्या पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावयाच्या. गोचिडांचा श्वान मलूल असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा पोटाच्या त्वचेवर रक्ताचे ठिपके असतील, तर तो त्वचारोग राहिलेला नाही. गोचीड-ज्वरात जीव जातो. त्याच दिवशी पाठवावे.

आपल्या फडताळातील औषधांकडेही याच नजरेने पाहावयास हवे. पारद, सोमल वर्ग, सिंदूर, वत्सनाभ, भल्लातक यांपैकी काहीही असलेला मलम वा तेल श्वानासाठी देऊ नये. कापूरयुक्त तेलेही चाटल्यास घातक आहेत. निंबतेल 'नैसर्गिक' म्हणून सर्रास दिले जाते. ते पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, मग चाटणाऱ्या प्राण्यास ते निर्धास्तपणे कसे द्यावे? माणसासाठीचे वेदनाशामकही तसेच. आयबुप्रोफेनने श्वानाच्या जठरात व्रण होतात, वृक्क निकामी होतात. घरात मांजर असेल तर सावधगिरी दुप्पट : श्वानासाठी चालणारे परमेथ्रिन मांजरास मारक ठरते. साबणाचेही तसेच आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर, तर श्वानाच्या बाह्यत्वचेत तीन ते पाच. आपल्या त्वचेचा सामू साडेपाचाच्या आसपास, त्याचा सातच्या जवळ. आपल्याला मानवणारा साबण त्याला मानवेलच असे नाही.

कोणी म्हणेल, आयुर्वेदात पशुचिकित्सा होतीच की. होती. अश्वांसाठी शालिहोत्राची आणि गजांसाठी पालकाप्याची परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात श्वानांवर स्वतंत्र 'सारमेयविनोद' आहे. तथापि तो राजाच्या विनोदाचा भाग आहे. श्वानाच्या त्वचारोगांवर चरक-सुश्रुतांच्या तोलाची संहिता परंपरेने आपल्या हाती दिलेली नाही. माणसाचा योग श्वानाला लावणे हा आपला तर्क आहे, शास्त्राधार नव्हे. कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीची औषधेही येतात, म्हणून अशी उत्पादने बाजारात दिसतात. परंतु प्राण्यांची चिकित्सा करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यासच आहे. आपण ज्या कायद्याच्या आधारे बोगस वैद्यांविरुद्ध तक्रारी करतो, त्याच न्यायाने हे आपणांस लागू आहे.

एक गोष्ट राहिली. खाजवून फुटलेल्या मानवी त्वचेवर लसीकरण न झालेल्या किंवा अनोळखी श्वानाची लाळ लागणे हा आलर्कविषाच्या दृष्टीने गंभीर संपर्क आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात वर्णिलेली अवस्था एकदा सुरू झाली की आजही उपाय नाही. त्वचारोगाच्या रुग्णाला म्हणून हा प्रश्न आवर्जून विचारावा, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयास लावावी आणि त्याच दिवशी लसीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. आपल्या औषधाने सुरुवात करून पाहू, असे येथे म्हणू नये.

मोत्याला अकोल्याहून महिन्याच्या अंतराने दोनदा गोळी देण्यात आली. त्याचे अंथरूण जाळले, ओसरी गरम पाण्याने धुतली. कुटुंबाची सारी औषधे आम्ही थांबविली. तीन आठवड्यांत तिघांचीही खाज गेली. दीड महिन्यात आमच्याकडे झालेला त्यांचा खर्च परत देऊ केला, तो वडिलांनी घेतला नाही. दिवाळीपर्यंत मोत्याच्या पाठीवर लोम आले. डाव्या कोपरावर मात्र अद्याप टक्कल आहे आणि आम्हांस पाहिले की तो ओसरीच्या आत जातो.

आमच्या केसपेपरवर आता वयाच्या व व्यवसायाच्या खाली 'घरी पाळीव प्राणी' असा एक रकाना छापून घेतला आहे. गेल्या पंधरवड्यात दोन्ही हातांवर नायटे घेऊन आलेल्या एका बाईंनी तेथे लिहिले होते : मांजर, आणि तिची चार पिल्ले.